उसना हात

देवस्थळी सरांनी कोटाची बाही जरा वर सारली, उजवा हात छातीपाशी धरला आणि बोटं चालवायला सुरुवात केली. एकदा मूठ, मग दोन बोटं उभी, मग अंगठा आत, परत मूठ. भराभर. हात देखणा चालायचा त्यांचा, खोटं कशाला बोलू.

समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझी ताई उभी होती, यमुना. तिचा उजवा हात कोपरापासून पार बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये आणि गळ्यातल्या झोळीत. सरांच्या हाताकडे तिनं नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत त्या हाताकडे.

सरांनी पुन्हा तेच केलं, सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तसं. ताईनं मान हलवली. नाही कळलं.

"साहेब," सर जज्जसाहेबांना म्हणाले, "मी ह्यांना हातांच्या अक्षरांनी त्यांचं नाव विचारलं. दोनदा विचारलं. ह्यांना मुळाक्षरंसुद्धा येत नाहीत असं दिसतंय."

"तेच तर आम्ही म्हणतोय!" समोरचे इनामदार वकील ताडकन उठले. "भाषाच नाही हो बाईंना. नुसते हातवारे. एवढं नोंदवून घ्यावं, साहेब."

आणि माझ्या तोंडून गेलंच. "अहो सर, एका हातानं कसले बोलताय? दुसरा हात कुठाय तुमचा?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

"मी मंदाकिनी. तिची धाकटी बहीण. कराडला बांगड्यांचं दुकान आहे आमचं."

"मग ओरडायचं ते दुकानात. इथं नाही."

मी गप्प बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला.

ताई जन्मापासून बहिरी. तिचे मिस्टर, आमचे वसंतभाऊजी, तेही बहिरे. दोघं बहिऱ्या मुलांच्या एकाच वसतिगृहात वाढले, तिथंच जमलं. भाऊजी शिवणकाम करायचे आणि ब्लाऊज असा शिवायचे की गावातल्या बायका दुसऱ्या शिंप्याकडे फिरकत नसत. त्यांना उमा झाली. उमाला लख्ख ऐकू येत होतं. सगळं छान चाललं होतं आणि उमा सात वर्षांची असताना भाऊजी काविळीनं गेले. तेराव्यानंतर ताईचे सासू-सासरे, कोपर्डे, उमाला 'चार दिवस' म्हणून घेऊन गेले ते परत द्यायलाच तयार होईनात. उलट कोर्टात अर्ज टाकला. आई मुकी-बहिरी आहे, मुलीला नावानं हाक मारू शकत नाही, अशा आईजवळ राहिली तर मुलगीही मुकी होईल, म्हणून ताबा आजी-आजोबांना द्या. चौथ्या कलमात तर कहरच. ही बाई मुलीला दोरीनं बांधून ठेवत असे, म्हणे! आमच्या शिराळकर वकिलांनी त्यावर एकच शब्द ठोकला होता, नाकबूल. त्यांनी ताईला काही विचारलं नाही, आणि असलं घाणेरडं काही तिच्यापुढे खुणेनं मांडायचं माझ्याच्यानं झालं नाही.

आणि आता जूनमध्ये ते उमाला सुरतेला, काकाकडे, शाळेत घालणार होते. सुरतेला गेली की संपलंच. मग कुठली आई आणि कुठलं काय.

माझ्या शब्दाला कोर्टात किंमत नव्हती. बहीण म्हणजे आपलंच माणूस, ती काहीही अर्थ सांगेल, असं इनामदारांचं म्हणणं. म्हणून कोर्टानं तिऱ्हाईत जाणकार बोलावला, ते हे देवस्थळी सर. मुंबईहून आलेले, अमेरिकेत शिकून आलेले.

शिराळकर वकिलांनी माझ्या कानाशी विचारलं, "दुसऱ्या हाताचं काय म्हणत होता तुम्ही?"

"अहो, आपल्याकडची बहिरी मुलं दोन हातांनी अक्षरं काढतात. एक हात पाटी, दुसरा पेन्सिल. हे सर ती अमेरिकेतली काढतायत, एका हाताची. ताईनं ती जन्मात पाहिली नाहीत. तुम्हाला कुणी कानडीत नाव विचारलं आणि तुम्ही बघत राहिलात, तर तुम्ही अडाणी का?"

शिराळकर उठले आणि हेच जरा कोर्टाच्या भाषेत बोलले. देवस्थळी सरांचा चेहरा बदलला. माणूस सरळ होता, हे मला तेव्हाच कळलं.

"साहेब, हे शक्य आहे," ते म्हणाले. "इंग्लंडात दोन हातांची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. मला ती येत नाही. पण इथं ही चालते, हे…" ते जरा घुटमळले. "हे मी विचारायला हवं होतं. माझं मघाचं मत मी मागे घेतो."

"ह्या ती कुठं शिकल्या?" जज्जसाहेबांनी विचारलं.

आता मला बोलायची परवानगी होती, मग काय विचारता! मी सांगितलं. वसतिगृहात हात हलवले की छडी बसायची. ओठ बघा, तोंडानं बोला, हातांची घडी घाला. असा नियम. आणि नियम होता म्हणूनच पोरींनी मोरीमागं, धुण्याच्या दगडापाशी, एकीनं दुसरीला ही अक्षरं शिकवली. मोठ्या पोरींनी धाकट्यांना, धाकट्यांनी नव्या आलेल्यांना. अक्षरं इंग्रजी एबीसीडीची, शब्द मराठी, आणि एकाही मास्तरानं शिकवलेली नाहीत. सुट्टीत ताई घरी आली की मला शिकवायची. मला पाटीवर नाव लिहिता येण्याआधी हातावर लिहिता येत होतं, आणि ह्याचा मला भारी गर्व होता. अजूनही आहे.

"मग दाखवू द्या त्यांना," साहेब म्हणाले.

"पण साहेब," इनामदार हसले, "दोन हात लागतात म्हणे. बाईंकडे तर आज एकच आहे."

ही खरी अडचण होती. आठवड्यापूर्वी ताई नळाशी घसरून पडली होती. प्लॅस्टरमधून बोटांची टोकं तेवढी बाहेर, सुजून वांग्यासारखी झालेली, नुसतं बोट लागलं तरी कळ मस्तकात जायची. उजवाच हात, त्यामुळे लिहिणंही बंद.

शिराळकर म्हणाले, "साहेब, प्लॅस्टर निघेपर्यंत पुढची तारीख द्यावी."

"कधी निघणार?"

"दीड महिना तरी."

म्हणजे जून उलटून जाणार. मी ताईकडे वळले आणि खुणेनं सांगितलं, तारीख, पुढे, हात बरा झाल्यावर. तिनं पूर्ण बघूनही घेतलं नाही. डाव्या हाताचं बोट खाली रोखलं. आज. मग परत, एवढ्या जोरात की पिंजऱ्याचा कठडा हलला. आज!

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"हे मला सांगायची गरज आहे का, साहेब?"

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. "नाही. कळलं मला."

मी पुढे झाले आणि माझा हात तिच्यापुढे धरला. हे आम्ही घरी नेहमी करायचो. तिच्या एका हातात लाटणं असलं, कडेवर मूल असलं, की ती माझा हात पाटी म्हणून वापरायची. तिनं डाव्या हातानं माझ्या करंगळीच्या टोकाला स्पर्श केला, मग तळव्यावर तीन बोटं टेकवली, मग अंगठ्याचं टोक. 

"यू, एम, ए," मी मोठ्यानं म्हणाले. "उमा."

"हरकत आहे!" इनामदार. "साहेब, हात बहिणीचा, वाचणारी बहीण. बोट जरा दाबलं, जरा हलवलं, की झाली खूण. हे बाई बोलत नाहीत, बहीण बोलतेय."

माझा संताप संताप झाला. पण साहेब म्हणाले, "हरकत योग्य आहे. हात तिऱ्हाईताचा हवा."

मी ताईला सांगितलं, माझा हात चालणार नाही, हा माणूस नको म्हणतोय. आणि इनामदारांकडे बोट दाखवलं.

ताईनं इनामदारांकडे बघितलं. मग ती पिंजऱ्यातून उतरली. कुणाला काही कळायच्या आत चार पावलं चालून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांचा उजवा हात धरून सरळ पुढे ओढला. मनगट वळवलं, तळवा आपल्याकडे केला, बोटं एकेक करून फाकवली, मी बांगडी भरताना गिऱ्हाइकाचा हात धरते तशा हक्कानं. इनामदार कसले हलतायत! त्यांची फाइल खाली पडली, ती उचलायला दुसरा हातही पुढे झाला नाही.

अख्खं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा.

"अहो, हे काय… साहेब!"

"तिऱ्हाईताचा हात हवा होता," साहेब म्हणाले. "तुमच्याइतका तिऱ्हाईत हात ह्या खोलीत दुसरा नाही, इनामदार. धरा सरळ."

तो हात मी जवळून बघितला. गोरा, मऊ, कामाची सवय नसलेला. दोन-सहाची बांगडी सहज गेली असती त्यात. बांगडीवालीचं डोकं, दुसरं काय सुचणार. पण त्या क्षणी मला आपल्या ताईचा जो अभिमान वाटला ना! मी असते तर त्या माणसाशी भांडले असते. हिनं त्याला पाटीच करून टाकलं.

तरी इनामदार हार मानेनात. "हात माझा आहे, ठीक. पण वाचणार ह्याच ना? ह्या काहीही वाचतील. मला काय कळतंय?"

इथं देवस्थळी सर पुढे आले. "साहेब, मी एक सुचवू? आपण एक प्रश्न कागदावर लिहा. तो फक्त यमुनाबाईंना दाखवा. त्यांना मराठी वाचता येतं ना? मग झालं. त्या वकीलसाहेबांच्या हातावर अक्षरं काढतील आणि ह्या बहिणीनं एकेक अक्षर जिथल्या तिथं म्हणायचं. प्रश्न काय ते हिला माहीतच नसेल, तर उत्तर रचणार कुठून? जुळतं की नाही, ते आपल्यालाच कळेल."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि कागद ओढला. एक ओळ लिहिली. पट्टेवाल्यानं तो ताईसमोर धरला. माझ्याकडे पाठ करून, इनामदारांनाही दिसणार नाही असा.

ताईनं वाचलं. परत वाचलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता ही रडते. रडली नाही. तिनं इनामदारांचा हात परत नीट केला, आणि सुरू केलं.

त्यांच्या पहिल्या बोटाला स्वतःच्या अंगठ्याची नि बोटाची कमान लावली.

"डी," मी म्हणाले.

अंगठीच्या बोटाचं टोक. "ओ."

तळव्यावर वाकडं बोट. "आर."

मधल्या बोटाचं टोक.

 काय शब्द होतोय ते मला दिसलं होतं. कोर्टात सगळे माझ्याकडे बघत होते. मी दुसरं कुठलंही अक्षर म्हणू शकले असते. कुणाला कळणार होतं? पण ताई माझ्या ओठांकडे बघत होती. आयुष्यभर लोकांनी तिच्या वतीनं हवं ते बोलून टाकलं होतं, शाळेनं, सासरनं, आमच्या आईवडिलांनीसुद्धा. मला तसं करायचं नव्हतं.

"आय," मी म्हणाले. "दोरी."

शिराळकर वकिलांनी कपाळाला हात लावला. आणि इनामदार! हात ताईच्या ताब्यात असतानाच ते ओरडले, "साहेब! ऐकलंत? चौथं कलम! हेच आम्ही म्हणतोय. ह्या बाईनं आपल्या हातानं कबूल केलं, साहेब, मुलीला दोरीनं बांधत होती! आणि ह्यांच्या जबाबात लिहिलंय नाकबूल!"

"थांबा," साहेब म्हणाले. "बाईंचं संपलेलं नाही."

खरंच संपलं नव्हतं. ताईनं इनामदारांचा हलणारा हात एक झटका देऊन गप्प केला. मी अक्षरं म्हणत गेले. पी, ए, वाय. पाय. मग यू, एम, ए. मग एच, ए, टी. हात. मग तिनं इनामदारांचा हात सोडला आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. ते वाचायला मी लागत नव्हते.

साहेबांनी चष्मा काढला. कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"मी ह्यांना विचारलं होतं, 'तुम्हाला ऐकू येत नाही, मग रात्री मूल रडलं तर तुम्हाला कसं कळायचं?'"

 मलाही तेव्हाच कळत होतं, इतर सगळ्यांबरोबर. साहेब कोपर्डे मंडळींकडे वळले. ताईचे सासरे खाली बघत बसले होते. सासूबाई पदर तोंडाशी धरून.

"बाई, दोरी तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती?"

"होय, साहेब." त्या उभ्या राहिल्या. "पोर तान्ही होती तेव्हा. रोज रात्री पायाला बांधायची. मी सकाळी जायची तर सुटलेली नसायची. वासराला बांधावं तसं, साहेब. काळीज तुटायचं माझं."

"दोरीचं एक टोक मुलीच्या पायाला. दुसरं कुठं होतं?"

 सासूबाईंना दोरी आठवत होती, हे दिसत होतं. ती कुठंवर जात होती ते आठवत होत्या.

"हिच्या मनगटाला," त्या शेवटी म्हणाल्या. "हिच्या मनगटाला असायचं, साहेब." आणि बसल्याच एकदम. "आम्हाला कुणी सांगितलं नाही हो."

"तुम्ही विचारलंत कधी?" मी म्हणाले. "मुलगाही तुमचा बहिराच होता ना? एक अक्षर शिकलात का त्याचं?"

"मंदाकिनीबाई," साहेब म्हणाले. पण रागावून नाही.

सासूबाईंनी मान हलवली. नाही शिकल्या. त्या बाईचं पोरीवर प्रेम होतं, ते मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. मुलगा गेला होता त्यांचा. पण पोरीच्या आईनं पोरीचं पाळण्यातलं रडं स्वतःच्या मनगटावर बांधून घेतलं होतं, आणि हे त्यांना गुन्हा वाटलं होतं.

"मुलगी आलीय का?" साहेबांनी विचारलं.

उमा बाहेर व्हरांड्यात आजोबांच्या भावाजवळ बसली होती. चार महिन्यांनी मी तिला बघत होते. नवा फ्रॉक, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, आणि चेहरा असा की ओळखीचं हसूही हरवलेलं. दारातच थबकली. मला वाटलं, विसरली. सात वर्षांच्या पोरीला चार महिने काय थोडे असतात? त्या घरात हात हलवायलाच कुणी नव्हतं.

तिनं आईला बघितलं. मग ते पांढरं प्लॅस्टर बघितलं. जवळ आली, पण मिठी मारली नाही. प्लॅस्टरवर हलकेच हात फिरवला, कुठपर्यंत आहे ते बघितलं, सुजलेली बोटं बघितली. आणि मग, कुणी काही न सांगता, काही न शिकवता, तिनं आपला चिमुकला हात वर केला, बोटं फाकवली, आणि आईपुढे धरला.

आता मात्र ताईचा बांध फुटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि डावा हात त्या छोट्या हातावर चाललेला. करंगळी, तळवा, अंगठा, परत तळवा. किती वेळ, काय काय, चार महिन्यांचं साठलेलं. उमाचे डोळे त्या बोटांबरोबर धावत होते. मधेच ती हसली. मधेच तिनं दुसऱ्या हातानं काहीतरी उत्तर दिलं आणि परत पहिला हात पुढे धरला.

इनामदार खुर्चीत बसले होते, आपला हात मांडीवर तसाच उताणा ठेवून. देवस्थळी सर चष्मा पुसत होते.

जज्जसाहेबांनी पेन उचललं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई काय म्हणतायत मुलीला?"

मला सगळं दिसत होतं. प्रत्येक अक्षर. मान ताठ होती माझी, आयुष्यात कधी नव्हती एवढी.

"ते नाही सांगणार, साहेब," मी म्हणाले. "ते त्या दोघींचं बोलणं आहे."

साहेबांनी मान डोलावली, आणि हुकूम लिहायला घेतला.